राफेल जिंकलं, मग १२६ विमानं कुठे गेली?

हेडफोन लावून ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि लोकलमध्ये नेट जातं म्हणून हे वाचत बसलेल्यांनाही नमस्कार.

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एका ओळीचा होता. "दादा, एकदाच सांगून टाक, राफेल भारी की टायफून?" आता आधीच सांगतो, मी हवाई दलातला नाही आणि संरक्षणतज्ज्ञ तर नाहीच. बीटेक केलं, सॉफ्टवेअर लिहितो, आणि नाशिकला वाढलो. ओझरहून उडालेल्या विमानाचा आवाज आला की वही टाकून गच्चीवर पळणारी जी पोरं असतात ना, त्यातला मी एक. तेवढंच भांडवल.

पण या प्रश्नाचं उत्तर देण्यापूर्वी एक आठवण काढा. लहानपणी ट्रम्प कार्ड खेळलात की नाही? एका कार्डावर एक पैलवान, त्याची उंची, वजन, रँक. मी म्हणायचो "वजन", तुमचं कार्ड हलकं निघालं की तुमचा पैलवान माझा. लढाऊ विमानांबद्दल आपण अजूनही तसंच बोलतो. वेग किती? माझा जास्त. चल, तुझं विमान दे इकडे.

याच खेळात वेगाचं कार्ड काढून बघू. राफेलचा कमाल वेग आवाजाच्या साधारण १.८ पट. टायफूनचा दुप्पट. एफ-१६ चा दुप्पट. आणि गंमत म्हणजे १९६३ साली आपल्याकडे आलेलं मिग-२१, तेही दुप्पट. म्हणजे कार्डांच्या खेळात जुनं मिग-२१ राफेलला हरवतं. तरीही जगातल्या सगळ्यात मोठ्या खरेदी स्पर्धांपैकी एकीत राफेल पहिलं आलं. का आलं, आणि पहिलं येऊनही ठरलेली १२६ विमानं का आली नाहीत, हे आजच्या भागात बघायचंय. माझ्या मते ही दुसरी गोष्टच जास्त महत्त्वाची आहे.

सुरुवात आकड्यापासून. १२६ हा आकडा कुठून आला? हवाई दलाचं मोजमाप स्क्वाड्रनमध्ये चालतं. एका स्क्वाड्रनमध्ये साधारण १८ विमानं धरा. सात स्क्वाड्रन गुणिले १८, झाले १२६. आपल्याला मंजूर असलेल्या लढाऊ स्क्वाड्रन ४२. जुनी मिग विमानं एकेक करून निवृत्त होणार हे तेव्हाच दिसत होतं, आणि तेजस तयार व्हायला वेळ लागणार हेही. मधला खड्डा कसा भरायचा?

हवाई दलाची पहिली पसंती साधी होती, आणखी मिराज-२००० द्या. १९९९ च्या कारगिल युद्धात टायगर हिलवर लेझरने दिशा दिलेले बॉम्ब टाकले ते याच मिराजने, त्यामुळे पायलट मंडळींचा त्याच्यावर जीव होता. पण थेट एकाच कंपनीकडून एवढी मोठी खरेदी करण्यापेक्षा स्पर्धा लावायची असं ठरलं. त्यात वर्षं गेली आणि फ्रान्समध्ये मिराजचं उत्पादनच थांबलं. ऑगस्ट २००७ मध्ये जागतिक निविदा निघाली. १२६ मध्यम वजनाची बहुउद्देशीय विमानं हवीत. १८ तयार होऊन येतील, उरलेली १०८ हिंदुस्तान एरोनॉटिक्स म्हणजे एचएएल भारतात बांधेल. हे १०८ लक्षात ठेवा, पुढे सगळी गाडी तिथेच अडली.

सहा जण मैदानात उतरले. अमेरिकेची एफ-१६ आणि सुपर हॉर्नेट, रशियाचं मिग-३५, स्वीडनचं ग्रिपेन, युरोपातल्या चार देशांचं टायफून आणि फ्रान्सचं राफेल.

आता बघा, ही यादी मुळात एका तराजूत बसणारी नाही. ग्रिपेन एका इंजिनाचं, हलकं विमान. उड्डाण घेताना त्याच्या नव्या आवृत्तीचं जास्तीत जास्त वजन साडेसोळा टन. सुपर हॉर्नेट दोन इंजिनांचं, विमानवाहू जहाजावर आदळत उतरण्यासाठी बनवलेलं, जवळपास तीस टनांचं धूड. बाइक आणि टेम्पो ट्रॅव्हलर एकाच निविदेत. तुम्ही म्हणाल हा काय प्रकार? पण निविदेने "मला काय काम करून हवंय" एवढं सांगितलं होतं. काम कसं करायचं ते ज्याचं त्याने दाखवायचं.

मिग-३५ बद्दल फार बोलायला नको. ते मिग-२९ चंच पुढचं रूप होतं, आणि रशियाच्याच हवाई दलात तेव्हा ते रुळलेलं नव्हतं. एफ-१६ ची अडचण वेगळी. विमान गाजलेलं, पण मूळ आराखडा सत्तरच्या दशकातला, आणि पाकिस्तान ते ऐंशीच्या दशकापासून उडवतोय. समोरच्याला ज्याची नस न नस माहीत आहे ते विमान आपण नव्याने का घ्यायचं, हा प्रश्न कोणीही विचारला असता.

ग्रिपेनवर मात्र मी थोडा थांबणार, कारण इंजिनिअर म्हणून मला ते मनापासून आवडतं. स्वीडनने असं गृहीत धरलं होतं की युद्ध झालं तर आपले विमानतळ पहिल्याच दिवशी उडवले जातील. मग विमान हायवेवर उतरलं पाहिजे, आणि एक तंत्रज्ञ व थोडंफार शिकवलेली चार-पाच पोरं यांनी दहा-पंधरा मिनिटांत इंधन आणि क्षेपणास्त्रं भरून ते परत सोडलं पाहिजे. गरज आधी, यंत्र नंतर. शिवाय त्याच्या नव्या आवृत्तीत उड्डाण सांभाळणारं सॉफ्टवेअर आणि लढाईचं सॉफ्टवेअर वेगळं ठेवलंय. म्हणजे नवीन क्षेपणास्त्र जोडलं म्हणून अख्ख्या विमानाची सुरक्षा चाचणी पुन्हा करायला नको. ज्यांनी शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर कोड टाकलाय त्यांना याची किंमत कळेल.

टायफून आणि राफेल, ही तर भाऊबंदकी आहे. ऐंशीच्या दशकात युरोपातले देश मिळून एकच विमान बनवणार होते, फ्रान्सही त्यात होता. पण फ्रान्सला विमानवाहू जहाजावर चालेल असं, जरा हलकं विमान हवं होतं, आणि कारभारही आपल्या हातात हवा होता. १९८५ मध्ये फ्रान्स वेगळा झाला. म्हणून दोन्ही विमानं दिसायलाही भावंडं वाटतात. त्रिकोणी पंख, कॉकपिटजवळ दोन छोटे पंख, दोन इंजिनं. स्वभाव मात्र वेगळे. टायफून मुळात उंचावर, वेगात, शत्रूच्या विमानाला गाठण्यासाठी घडवलेलं, जमिनीवरच्या माऱ्याची कामं त्याला टप्प्याटप्प्याने शिकवली गेली. राफेल पहिल्यापासून सगळी कामं एकट्याने करायला बनवलेलं, कारण फ्रान्सला आपली सात प्रकारची जुनी विमानं काढून त्यांच्या जागी एकच ठेवायचं होतं. रिकामं राफेल साधारण दहा टनांचं, आणि बाहेर साडेनऊ टन वजन लटकवू शकतं. म्हणजे जवळपास स्वतःएवढं ओझं.

मग चाचण्या. २००९ आणि २०१० मध्ये विमानं तीन ठिकाणी उडवली गेली: बंगळुरू, जैसलमेर आणि लेह. तपासायचे मुद्दे सहाशेहून जास्त. या तीन जागा का, ते समजून घ्या, कारण ब्रोशर आणि खरी चाचणी यातला फरक इथेच कळतो.

जैसलमेरला उन्हाळ्यात हवा तापते. तापलेली हवा विरळ होते, त्यामुळे पंखांना आधार कमी मिळतो आणि इंजिनालाही श्वास कमी पडतो. वर इलेक्ट्रॉनिक्स तापतं ते वेगळंच. आपला फोन मे महिन्यात बाइकवर मॅप लावून ठेवला की कसा बंद पडतो, तसा रडार बंद पडून चालणार नाही.

लेहची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२५० मीटरवर आहे. तिथल्या हवेची घनता समुद्रसपाटीच्या सत्तर-बहात्तर टक्के. जेट इंजिन म्हणजे शेवटी हवा ओढून, दाबून, इंधन जाळून मागे फेकणारं यंत्र. हवाच कमी, तर जोर कमी. थंडीत रात्रभर उभं राहिलेलं विमान सकाळी सुरू करणं हीच एक परीक्षा. सुरू झालं, तर आता पूर्ण शस्त्रं घेऊन उडेल का? की निम्मी खाली उतरवावी लागतील? कार्डावर लिहिलेला भार समुद्रसपाटीचा असतो. आपल्याला मात्र लडाखमध्ये उडायचंय. युरोपच्या किंवा अमेरिकेच्या दृष्टीने हा कोपऱ्यातला प्रसंग, आपल्यासाठी तो रोजचा. टेस्टिंगवाल्या मित्रांनो, एज केस कोणाची हे गिऱ्हाईक ठरवतं.

आणखी एक मुद्दा रडारचा. जुन्या रडारची तबकडी आत गरगर फिरायची. नव्या प्रकारात, ज्याला आयसा म्हणतात, तबकडी जागेवरच असते. तिच्यावर शेकडो छोटे प्रक्षेपक बसवलेले असतात आणि त्यांच्या लहरींची वेळ किंचित मागेपुढे करून झोत क्षणात कुठेही वळवता येतो. निविदेत आयसा रडार मागितलं होतं. त्या वेळी यात अमेरिकी विमानं पुढे होती. त्यांची रडारं प्रत्यक्ष सेवेत होती, तर युरोपीय अजून विकासाच्या टप्प्यावर होते. म्हणजे रडारचं कार्ड काढलं असतं तर अमेरिका जिंकली असती. पण अमेरिकी सामान घेताना काही गुप्त संदेशयंत्रणा हवी असेल तर आधी त्यांच्याशी वेगळे करार करा, ही अट होती, आणि भारत तेव्हा तयार नव्हता. दळणवळणाचा तो करार पुढे २०१८ मध्ये झाला. एका रकान्यात पहिला आलेला गडी दुसऱ्या रकान्यात अडकतो, तो असा.

एप्रिल २०११ मध्ये दोनच नावं उरली, राफेल आणि टायफून. अमेरिकेने जाहीर नाराजी व्यक्त केली.

आता पैशाची पाकिटं उघडायची होती. इथे एक चांगली गोष्ट झाली होती. नुसती विमानाची किंमत बघायची नाही, तर पुढची काही दशकं ते चालवायचा खर्चही मोजायचा असं ठरलं होतं. इंधन, सुटे भाग, इंजिनाची दुरुस्ती, भारतात बांधायचा खर्च. प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग, हे आपण घरी शिकलोय, तोच हिशोब. ३१ जानेवारी २०१२ ला निकाल लागला. सगळं धरून राफेल स्वस्त. सरकारी भाषेत एल-वन. दोन पास झालेल्यांपैकी कमी खर्चाचं. "राफेल टायफूनपेक्षा भारी ठरलं" असं जे सगळीकडे सांगतात ना, ते म्हणून चूक आहे. चाचणीत दोघंही पास होती. पुढचा फरक पैशाचा होता.

आणि मग ते १०८.

निविदेची भारतीय बाजू म्हणत होती, १२६ च्या १२६ विमानांची जबाबदारी राफेल बनवणाऱ्या दासोनेच घ्यावी. दासोचं म्हणणं, जी १०८ विमानं एचएएल बांधणार त्यांची हमी आम्ही कशी देऊ? त्यात मनुष्यतासांचा वाद आला. एक विमान बांधायला फ्रान्समध्ये जितके तास लागतात त्याच्या २.७ पट भारतात लागतील, असा अंदाज होता. तास वाढले की खर्च वाढला. खर्च वाढला की ज्या आकड्यावर राफेल स्वस्त ठरलं, तोच डळमळीत झाला.

माझे मामा नोकरीची वर्षं ओझरला विमानांच्या जोडणीत होते. २.७ पट ऐकून मी जरा छद्मीपणे हसलो होतो. मामा चिडले नाहीत. म्हणाले, "अरे, तू पहिल्यांदा चकली केलीस तेव्हा किती वेळ लागला होता? आणि तुझ्या आजीला किती लागायचा? पहिलं विमान आणि शंभरावं विमान यात तोच फरक असतो. त्यांनी आधी शंभर बांधलीत, आपण शून्यावरून सुरू करणार." आणि मग हळूच, "पण म्हणून कधी सुरूच करायचं नाही का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे आजही ठाम नाही. देशात बांधणं महाग पडतं आणि उशीर होतो, हे खरं. बाहेरून आणलं की सुट्या भागांसाठी कायम दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं, हेही खरं.

तीन वर्षं वाटाघाटी चालल्या. एप्रिल २०१५ मध्ये पॅरिसमध्ये पंतप्रधानांनी जाहीर केलं की ३६ राफेल तयार स्थितीत थेट घेऊ. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्लीत गोव्याचे मनोहर पर्रीकर, तेव्हाचे संरक्षणमंत्री, आणि त्यांचे फ्रेंच समपदस्थ यांनी करारावर सह्या केल्या. किंमत सुमारे ७.८७ अब्ज युरो. १२६ ची निविदा गुंडाळली गेली. पुढचं राजकारण, आरोप, कोर्ट हे सगळं तुम्हाला पाठ आहे, मी त्यात शिरत नाही.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो फेब्रुवारी २०१९ चा कॅगचा अहवाल. त्यात एक निरीक्षण आहे, ज्यावर टीव्हीवर फारशी आरडाओरड झाली नाही. हवाई दलाने गुणवत्तेच्या अपेक्षा नीट आखल्या नव्हत्या, त्यामुळे सहापैकी एकही विमान त्या पूर्णपणे भागवत नव्हतं, आणि खरेदी चालू असताना त्या अपेक्षा बदलत गेल्या.

हे वाचलं तेव्हा मला आमचंच आठवलं. एका जुन्या ऑफिसात आम्ही एक सिस्टिम विकत घेणार होतो. प्रत्येक टीमने आपली मागणी एक्सेलमध्ये टाकली, ऐंशी रकाने झाले, सगळ्यांपुढे "अत्यावश्यक". साहजिकच एकही कंपनी पास होईना. मग रात्री बसून कुठलं "अत्यावश्यक" हे "असल्यास उत्तम" करायचं याची घासाघीस. त्यातले आठ रकाने मी स्वतः घातले होते, त्यामुळे दोष द्यायला तोंड नाही. आमचं काय, एक वर्ष वाया गेलं. इथे २००७ ची निविदा आणि २९ जुलै २०२० ला अंबाल्याला उतरलेली पहिली पाच राफेल, यात तेरा वर्षं आहेत.

एवढं होऊनही आलेली ३६ विमानं म्हणजे दोन स्क्वाड्रन. एक अंबाला, दुसरी पश्चिम बंगालमध्ये हासीमारा. हव्या होत्या सात. राफेल चांगलं आहे यात वाद नाही. लांब पल्ल्याचं मिटिऑर क्षेपणास्त्र आणि शत्रूचं रडार ओळखून त्याला चकवणारी स्पेक्ट्रा यंत्रणा ही त्याची मोठी ताकद. पण एक विमान एका वेळी एकाच ठिकाणी असतं. काही दुरुस्तीत असतात, काही प्रशिक्षणात. उरलेली दोन सीमांवर वाटायची. गुणवत्तेच्या रकान्यात कितीही मार्क मिळवले तरी संख्येचा रकाना रिकामा राहिला की तो रिकामाच.

मे २०२५ नंतर "राफेल विरुद्ध जे-१०" असे व्हिडिओ धो धो आले, त्यावर एकच वाक्य. आकाशात आता विमानाशी विमान लढत नाही, तर एका बाजूचं रडार, टेहळणी विमान, डेटा लिंक आणि क्षेपणास्त्र मिळून दुसऱ्या बाजूच्या अशाच साखळीशी लढतात, त्यामुळे दोन कार्डं समोरासमोर ठेवून निकाल लावणारा व्हिडिओ खुशाल स्क्रोल करा.

आणि हो, कोड. माझ्या धंद्याचा विषय, म्हणून सोडवत नाही. विमान आपलं झालं तरी त्याचा सोर्स कोड आपला होत नाही. उद्या आपलं अस्त्र क्षेपणास्त्र परदेशी विमानाखाली लावायचं असेल तर विमानाच्या संगणकाला ते ओळखता आलं पाहिजे, रडारने त्याला लक्ष्य सांगितलं पाहिजे. हे बदल मूळ कंपनीच्या मदतीशिवाय अवघड, आणि दर बदलाचे पैसे. ब्राझीलने २०१३ मध्ये ३६ ग्रिपेन निवडली तेव्हा भर याच गोष्टीवर होता: आमचे इंजिनिअर तुमच्याबरोबर बसतील, काही विमानं आमच्याकडे जुळवली जातील. ब्राझीलला शेजारी शत्रू नाही, त्याला थांबायला वेळ होता. आपल्याला दोन्ही एकदम हवं होतं, शिकायलाही आणि लगेचही. माझ्या मते १२६ ची निविदा तिथेच फसली. एकाच कागदावर "तातडीची गरज" आणि "संपूर्ण उद्योग उभारणी" लिहिलं, आणि दोघांनी एकमेकांचे पाय ओढले.

२०१८ मध्ये सुमारे ११० विमानांसाठी पुन्हा विचारणा निघाली. यादीत बरीचशी तीच जुनी नावं. दरम्यान २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला आणि स्क्वाड्रन उरल्या २९. मंजूर ४२, बरं का.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरच्या कारखान्यात बांधलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. तेजसची १८० विमानं मागवलीत, पण त्याचं इंजिन अमेरिकेतून येतं आणि ते वेळेवर येत नाही ही रड आहेच. त्या दिवशी मामांना फोन केला. उचलल्या उचलल्या म्हणाले, "बघितलंस का रे? आता विचार, पहिल्याला किती तास लागले आणि विसाव्याला किती लागतील."

तर ज्याने विचारलं होतं त्याला: राफेल की टायफून? लेहला दोघंही उडाली, भावा. तू आधी सांग, किती हवीत, कधी हवीत आणि दुरुस्ती कोण करणार. मग मी कार्ड काढतो.

पुढच्या भागात इंजिनाबद्दल बोलू. आपल्या कावेरी इंजिनाचं नेमकं कुठे अडलं, आणि जगात मोजक्याच देशांना जेट इंजिनाची पाती का बनवता येतात. प्रश्न पाठवत राहा. भेटू!